एका गोळीचे दोन कायदे

मे महिना म्हणजे आमच्याकडे वर्षाचे गहू भरायचा महिना. अंगणात चादरीवर गहू वाळत पडलेले, आई आणि काकू त्यांना एरंडेल तेल चोळतायत, आणि पत्र्याच्या कोठीत थर लावताना मधेमधे कडुनिंबाचा पाला. एवढं करूनही श्रावणात कोठी उघडली की पोरकिडे दिसायचेच. एका वर्षी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने काकूला वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून दिली. आत करड्या रंगाच्या दोन गोळ्या. "फडक्यात बांधून कोठीत सोडा वहिनी, वर्षभर बघायला नको." काकूने सोडल्या. कोठी माजघरात होती आणि आम्ही पोरं त्याच माजघरात ओळीने झोपायचो.

किडे गेले. फडक्यात नुसती राखेसारखी भुकटी उरली. आपण घरात काय आणलं होतं ते मला कितीतरी वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचताना कळलं. आणि गंमत म्हणजे तो निकाल विषाबद्दल नव्हताच, भावाबद्दल होता.

रसायन उद्योगावर सरकारचे कायदे कसे चालतात हे समजून घ्यायला ही एक गोळी पुरेशी आहे. तिच्याकडे दोन बाजूंनी दोन कायदे बघतात. एक विचारतो, ही कोण बनवतंय, कोण विकतंय, कुणाच्या हातात जातेय? दुसरा विचारतो, हिचा भाव कुणी ठरवला? दोघेही ग्राहकाचंच भलं बघतात, पण एकाने टाकलेलं पाऊल बरेचदा दुसऱ्याच्या पायावर पडतं.

गोळी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतल्या दमटपणाशी गाठ पडली की तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू. तो धान्याच्या दाण्यापर्यंत पोचतो, आतला किडा, अळी, अंडी सगळं मारतो, आणि नंतर हवा खेळू दिली की निघून जातो. धान्य खाण्याजोगं राहतं. म्हणून सरकारी गोदामांचं हिच्यावाचून पान हलत नाही. मनमाडला भारतीय अन्न महामंडळाचं, म्हणजे एफसीआयचं मोठं गोदाम आहे. तिथे किंवा देशात कुठेही पोत्यांच्या थप्पीवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालतात, जमिनीलगतच्या कडा वाळूच्या लांब पिशव्यांनी दाबून टाकतात, आत गोळ्या ठेवतात आणि काही दिवस त्या थप्पीकडे कुणी फिरकत नाही. असं काम मोकळ्या गोदामात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं असतं. माजघरात हा वायू किड्यात आणि माणसात फरक करत नाही, आणि त्यावर उतारा नाही. आजही शहरांत फ्लॅटमध्ये ढेकणांसाठी किंवा धान्यासाठी असली गोळी वापरून शेजारच्या खोलीतलं माणूस दगावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात.

चार कारखाने

आपल्याकडे कीटकनाशकांचा कायदा १९६८चा. तो येण्यामागे एक दुर्घटना आहे. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक खाण्याच्या पिठात मिसळलं गेलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. विष आणि पीठ एकाच वाहतुकीत शेजारीशेजारी होतं, एवढं साधं कारण. त्यानंतर चौकशी, समिती, आणि दहा वर्षांनी कायदा.

या कायद्याचा गाभा म्हणजे नोंदणी. नोंदणी समितीने होकार दिल्याशिवाय देशात कुठलंही कीटकनाशक बनवता किंवा आयात करता येत नाही. रसायन नवीन असेल तर पहिल्या अर्जदाराला त्याची विषबाधा, परिणाम, शिल्लक अंश अशी सगळी माहिती चाचण्या करून द्यावी लागते. एकदा त्याची नोंदणी झाली की तेच रसायन बनवणाऱ्या दुसऱ्याला कलम ९(४)खाली त्याच अटींवर नोंदणी मिळू शकते. वर कारखान्याचा परवाना वेगळा आणि विक्रीचा परवाना वेगळा.

आपल्या गोळीवर तर आणखी बंधनं आहेत. ती सरकारी संस्थांनी किंवा मान्यताप्राप्त कीडनियंत्रण करणाऱ्यांनी, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायची. १७ जुलै २००१च्या अधिसूचनेने ३ ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्या बनवणं, विकणं, वापरणं पूर्ण बंद केलं, कारण त्या नळ्या घराघरात पोचत होत्या आणि अपघातांबरोबर आत्महत्यांसाठीही वापरल्या जात होत्या. म्हणजे आमच्या दुकानदाराची ती पुडी कागदोपत्री अशक्य कोटीतली गोष्ट. आता कळतं, त्याने बरणीतून मोजून काढलेल्या त्या दोन गोळ्या होत्या. वर ना नाव, ना इशारा, ना काही.

ही सगळी बंधनं योग्य आहेत. पण त्यांचा बाजारावर काय परिणाम होतो? स्वतःच पेट घेऊ शकणारा माल, नोंदणी, परवाने, खास पॅकिंग हे सगळं सांभाळून ही गोळी बनवणारे कारखाने २००९च्या सुमारास देशात होते अवघे चार. आणि मोठा खरेदीदार कोण? एफसीआय आणि तिच्यासारखी सरकारी गोदामं. चार विकणारे, एक मोठा घेणारा, माल सगळ्यांचा सारखा, दर एक-दोन वर्षांनी टेंडर. आधी आपसात ठरवून बोली लावायची, आपल्याकडे रस्त्याच्या कामात ज्याला 'रिंग' म्हणतात, त्यासाठी याहून सुपीक जमीन कुठली?

३८८

एफसीआयची या गोळ्यांसाठीची एक निविदा होती ८ मे २००९ची. माल ६०० टन. लखोटे उघडले तर एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस आणि संध्या ऑरगॅनिक केमिकल्स या तीन कंपन्यांचा दर एकच: किलोला ३८८ रुपये. मागे-पुढे काही नाही. तिघांचेही तीनशे अठ्ठ्याऐंशी.

टेंडर 'मॅनेज' झालं हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तालुक्याच्या गावात चहाच्या टपरीवरही ते आधी कळतं. पण कळणं वेगळं आणि कायद्याने सिद्ध करणं वेगळं. फेब्रुवारी २०११ मध्ये एफसीआयने स्पर्धा आयोगाला, म्हणजे बाजारातल्या संगनमतावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, पत्र लिहिलं आणि आयोगाच्या महासंचालकांनी जुनी कागदपत्रं काढली. त्याआधीच्या वर्षांतल्या निविदांमध्येही, थोडे अपवाद सोडले, तर दर सारखेच येत होते.

इथे आधी थोडं मागे जायला हवं. १९६९चा मक्तेदारी नियंत्रणाचा कायदा, म्हणजे एमआरटीपी, हा मुख्यतः मोठं होण्यावरच संशय घेणारा कायदा होता. २००२च्या स्पर्धा कायद्याने दृष्टी बदलली: मोठं व्हा, पण मोठेपणाचा गैरवापर करू नका आणि एकमेकांत ठरवून भाव लावू नका. ठरवून भाव लावण्याचं ते कलम ३ लागू झालं २० मे २००९ला. निविदेची तारीख होती ८ मे. बारा दिवस आधी! साहजिकच कंपन्यांनी तो मुद्दा काढला. पण निविदेची प्रक्रिया नंतरही चालू होती, तेव्हा तारखेच्या फटीतून निसटता येणार नाही असं न्यायालयाने ठरवलं.

कंपन्यांचं दुसरं म्हणणं ऐकून घेण्यासारखं होतं. त्या म्हणाल्या, बाजारात आम्ही बोटांवर मोजण्याइतके. कच्चा माल सारखा, खरेदीदार तोच, मागचे दर सगळ्यांना माहीत. मग भाव जवळजवळ येणारच. अर्थशास्त्रात हा युक्तिवाद खोटा नाही. एकाच चौकातल्या चार वडापावच्या गाड्यांवर भाव सारखा असतो, त्यासाठी त्यांनी बैठक घेतलेली नसते. पण बंद लखोट्यातली बोली म्हणजे चौकातली पाटी नव्हे. तिथे समोरच्याचा आकडा दिसत नाही. कारखाने वेगळ्या गावांत, खर्च वेगळे, नफ्याची गणितं वेगळी, आणि तरी रुपयाचाही फरक नाही. शिवाय कायदाच असं धरून चालतो की बोली लावण्यात संगनमत झालं असेल तर स्पर्धेचं नुकसान झालंच. तसं झालं नाही हे दाखवण्याची जबाबदारी मग कंपन्यांवर येते. ती त्यांना पेलली नाही. संगनमताचा कागद कधी सापडत नसतो, कारण असं करणारे करार करून नोटरीकडे जात नाहीत. परिस्थितीच्या पुराव्यावरच अशी प्रकरणं उभी राहतात.

आयोगाने २३ एप्रिल २०१२ला निकाल दिला. दंड तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या ९ टक्के. युनायटेड फॉस्फरसला २५२ कोटी ४४ लाख, एक्सेलला ६३ कोटी ९० लाख, संध्याला १ कोटी ५७ लाख.

हे आकडे बघताना एक साधा गुणाकार करून बघा. ६०० टन म्हणजे ६ लाख किलो. गुणिले ३८८. होतात २३ कोटी २८ लाख रुपये. म्हणजे एका कंपनीला झालेला दंड अख्ख्या निविदेच्या दसपटीहून मोठा. कारण आयोगाने कंपनीची सगळी उलाढाल धरली होती: तणनाशकं, बुरशीनाशकं, निर्यात, सगळं. गोळी त्यातला एक छोटा कप्पा.

अपील न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दोष कायम ठेवला पण दंड फक्त गोळ्यांच्या उलाढालीवर मोजला. २५२ कोटींचे झाले ६ कोटी ९४ लाख. ६३ कोटी ९० लाखांचे झाले २ कोटी ९२ लाख. ८ मे २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं: दंड मोजायचा तो 'संबंधित उलाढाली'वर. एकच माल बनवणारी छोटी कंपनी आणि पन्नास माल बनवणारी मोठी कंपनी यांनी सारखाच गुन्हा केला तर मोठीला केवळ पसाऱ्यामुळे अनेकपट शिक्षा का, असा त्यामागचा न्याय.

तर्क म्हणून मला तो पटतो. पण रसायन उद्योगाचं चित्र बघितलं की शंका येते. या धंद्यात एकच कंपनी शेकडो माल बनवते, आणि प्रत्येक माल म्हणजे जवळपास वेगळा बाजार असतो. अशा कंपनीला एका कप्प्यात पकडलं आणि त्याच कप्प्यापुरता दंड केला, तर बाकीच्या कप्प्यांना काय धाक? संसदेलाही बहुधा हेच टोचलं असावं. २०२३च्या दुरुस्तीने कमाल दंड मोजताना कंपनीची जगभरातली सगळी उलाढाल धरायची सोय केली. मार्च २०२४ मध्ये आयोगाने दंडाची मार्गदर्शक तत्त्वं काढली: सुरुवात संबंधित उलाढालीच्या ३० टक्क्यांपर्यंत, आणि कायद्याने घातलेली वरची मर्यादा जागतिक उलाढालीवरून. म्हणजे न्यायालयाचं सूत्र पायथ्याला आणि संसदेचं शेंड्याला. शिवाय माफीचा साक्षीदार व्हायची वाट आहेच: संगनमतातली जी कंपनी पहिल्यांदा येऊन सगळं ओकेल तिचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो. टोळी फोडायचा हा जुना पोलिसी मार्ग धंद्यातही चालतो.

या सगळ्यात ग्राहक कोण होता? कागदावर एफसीआय. पण एफसीआय स्वतःच्या खिशातून पैसे देत नाही. गोळीचा भाव चढला की धान्य साठवणुकीचा खर्च चढतो आणि तो अन्न अनुदानात जातो, म्हणजे तुमच्या-माझ्या करात. रेशनच्या रांगेतल्या बाईला ३८८चा आकडा कधी दिसत नाही. रसायनांच्या बाजारात हे नेहमीचं. साबण, रंग, खत, प्लॅस्टिक, औषधाचा कच्चा माल यांतलं बरंचसं एका कारखान्याकडून दुसऱ्या कारखान्याकडे जातं आणि आपल्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं नावही बदललेलं असतं.

धुण्याचा सोडा

ग्राहकाच्या नावाने उत्पादक आपलंच घोडं कसं दामटतात याचं जुनं उदाहरण सोडा अ‍ॅशचं, म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याचं. काच आणि कपडे धुण्याची पावडर त्याच्याशिवाय होत नाही. भारतात तो मीठ आणि चुनखडीपासून कारखान्यात तयार करावा लागतो. मिठापूरचा टाटा केमिकल्सचा कारखाना त्यातलाच. अमेरिकेत वायोमिंगमध्ये ट्रोना नावाचं खनिज जमिनीखाली पडलेलंच आहे. खणायचं, शुद्ध करायचं, की झाला सोडा. साहजिकच स्वस्त.

तिथल्या उत्पादकांनी निर्यातीसाठी अ‍ॅन्सॅक नावाचा संघ केला होता. अमेरिकेच्या १९१८च्या एका कायद्याने अशी एकी निर्यातीपुरती चालते: घरात भांडा, बाहेर मिळून विका. १९९६ मध्ये भारतीय उत्पादकांची संघटना एमआरटीपी आयोगाकडे गेली. म्हणाली, हे परदेशी कार्टेल आहे, म्हणजे ठरवून भाव लावणारी टोळी, त्यांचा माल थांबवा. आयोगाने थांबवलाही. आता भाव चढवणारं कार्टेल आपल्याला समजतं. पण इथे तक्रार होती स्वस्त मालाची. काच आणि डिटर्जंट बनवणाऱ्यांना तो स्वस्त सोडा हवाच होता. मग आयोगाने रक्षण केलं ते कुणाचं?

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. एमआरटीपी कायद्याचा हात देशाबाहेर पोचत नाही आणि आयात थांबवायचा अधिकार आयोगाला नाही, असा त्याचा मथितार्थ. परदेशी माल पडेल भावात आपटला जात असेल तर त्यावर अँटी-डम्पिंग शुल्काचा वेगळा मार्ग आहे. त्याच वर्षीच्या नव्या स्पर्धा कायद्यात मग कलम ३२ आलं: करार परदेशात झाला तरी परिणाम भारतात होत असेल तर आयोग हात घालू शकतो. पुढे २००८ मध्ये टाटा केमिकल्सने वायोमिंगमधली जनरल केमिकल ही कंपनी विकत घेतली. ती कोणत्या संघाची सभासद होती हे ओळखायला बक्षीस नाही.

कंपन्या एकमेकींना गिळतात तेव्हाही आयोगाची परवानगी लागते. बायर या जर्मन कंपनीने मोन्सँटो ही बियाणं आणि शेती-रसायनांची अमेरिकी कंपनी घेतली तेव्हा, २०१८ मध्ये, भारतीय आयोगाने होकार देताना अट घातली की काही धंदे विकावे लागतील; त्यात मोन्सँटोचा महिको या महाराष्ट्रातल्या बियाणे कंपनीतला २६ टक्के वाटाही होता. बी, तणनाशक आणि कीटकनाशक एकाच हातात गेलं तर कापूस लावणाऱ्याकडे निवड काय उरणार, ही त्यामागची चिंता.

दर्जा की दरवाजा

सुरक्षेचा नियम बाजाराची दारं अरुंद करतो हे गोळीत बघितलं. रंगांत ते आणखी ठळक दिसतं. घरच्या रंगात शिसं असेल तर ते उडालेल्या पापुद्र्यातून, धुळीतून मुलांच्या पोटात जातं आणि मेंदूवर परिणाम करतं. केंद्राच्या नियमाने १ नोव्हेंबर २०१७पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी घातली. मोठ्या कंपन्यांना हे जड गेलं नाही. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होत्या, पर्यायी रंगद्रव्यं घेण्याची ऐपत होती. गल्लीतल्या छोट्या कारखान्याला पिवळा आणि लाल रंग शिशाशिवाय स्वस्तात करणं अवघड. नियम शंभर टक्के बरोबर, तरी त्याने बाजार मोठ्यांकडे थोडा आणखी झुकवला.

आणि मग मोठ्यांचा दुसरा प्रश्न उभा राहतो. रंगाच्या दुकानात टिंटिंग मशीन असतं, पांढऱ्या बेसमध्ये थेंब सोडून हजार छटा करणारं. दुकानाची जागा तेवढीच, भांडवल तेवढंच, मग मशीन कुणाचं ठेवायचं यावर कुणाचा रंग खपणार ते ठरतं. ग्रासिमने २०२४ मध्ये बिर्ला ओपस हा रंग आणला आणि पुढे एशियन पेंट्सविरुद्ध आयोगाकडे तक्रार केली, की ही कंपनी आमचा माल ठेवणाऱ्या दुकानदारांवर दबाव आणते. जुलै २०२५ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, तिथे चौकशी थांबली नाही. हा आरोप आहे, निष्कर्ष नाही. जेएसडब्ल्यू पेंट्सच्या अशाच तक्रारीत आधी चौकशी होऊन २०२२ मध्ये आयोगाने प्रकरण बंद केलं होतं. वर्चस्व असणं हा गुन्हा नाही, वर्चस्वाचा गैरवापर हा गुन्हा, आणि या दोहोंमधली रेघ दुकानदाराला दिलेल्या सवलतीत लपलेली असते. जास्त माल घेतलात म्हणून जास्त सूट, हा धंदा. दुसऱ्याचा माल ठेवलात म्हणून सूट बंद, इथे प्रश्न सुरू होतो.

दर्जाच्या नियमाची गंमत आयातीत अजून वेगळी. गेल्या काही वर्षांत केंद्राने बऱ्याच रसायनांवर गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र नसेल तर माल देशात येणार नाही. ऐकायला ग्राहकहिताचं. पण पॉलिस्टरच्या कच्च्या मालाला हे लागू केल्यावर परदेशी कारखान्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत पुरवठा आटला, आणि कापड उद्योगातून ओरड सुरू झाली की आम्हाला देशातल्या मोजक्या उत्पादकांकडूनच, ते म्हणतील त्या भावाने घ्यावं लागतंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने असे १४ आदेश मागे घेतले. दारावर 'दर्जा' लिहिलं होतं, पण इतके दिवस ते दार बंद ठेवायलाच कामाला आलं, असं मला वाटतं. याबाबत वेगळं मत असणारेही आहेत, आणि हलक्या मालाचा त्यांचा अनुभवही खोटा नाही.

पंप कुणाच्या पाठीवर

आता ग्राहक संरक्षणाची बाजू. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. एक, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड. फिनेलच्या बाटलीवरचं हिरवं पान किंवा साबणावरचं 'निसर्गस्नेही' आता पुराव्याशिवाय चालत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आली. दुसरी गोष्ट जास्त खोल: उत्पादन दायित्व. मालात दोष असेल, किंवा वापराच्या सूचना आणि इशारे पुरेसे नसतील, आणि त्यामुळे इजा झाली, तर बनवणाऱ्याकडून थेट भरपाई मागता येते.

शेतकरी यात ग्राहक धरला जातो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बियाण्यांच्या प्रकरणात तसं स्पष्ट सांगितलं आहे. मग यवतमाळकडे बघू.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती. फवारा डोक्याच्या वर मारावा लागत होता, हवा दमट आणि कोंदट, आणि दोन-तीन कीटकनाशकं एकत्र करून मारायची रीत. २०हून जास्त माणसं एकट्या त्या जिल्ह्यात गेली, शेकडो दवाखान्यात पडली. काही बाधित कुटुंबं पुढे थेट स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या न्यायालयापर्यंत गेली. तिथल्या कीटकनाशक कंपनीने जबाबदारी नाकारली.

भारतात कीटकनाशक कायद्याखाली गैर लेबलाचा माल विकला तर २०००च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १० ते ५० हजार रुपये दंड. आता हा आकडा ६ कोटी ९४ लाखांशेजारी ठेवा. भाव ठरवून लावला तर कोटी, विषावर चुकीचं लेबल लावलं तर हजार. कैदेची तरतूद आहे हे खरं, पण कंपनीच्या हिशेबाच्या वहीत कुठला आकडा बोचतो ते सांगायला नको.

आणि उत्पादन दायित्व? ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८७ वाचायला हवं. इशारे दिले नाहीत अशा तक्रारीत काही वेळा उत्पादक सुटतो. माल मालकाने कामाच्या ठिकाणी वापरायला घेतला असेल आणि उत्पादकाने मालकाला इशारे दिले असतील, तर तो जबाबदार नाही. माल तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचा असेल आणि तज्ज्ञाला इशारे दिले असतील, तरी नाही. आपली गोळी या दुसऱ्या खणात बसते, आणि शेतावरचा रोजंदारीचा फवारणीवाला बहुधा पहिल्या खणात.

डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. आत घडी घालून ठेवलेलं माहितीपत्रक असतं, मराठीतही, मुंगीएवढ्या अक्षरांत. डबा शेतमालक कृषी केंद्रातून आणतो, बिल त्याच्या नावाचं. सकाळी तो टोपणाने माप घेऊन ड्रममध्ये औषध ओततो, काडीने ढवळतो, पंप भरून मजुराच्या पाठीवर चढवतो. डबा गोठ्यातल्या फळीवर परत जातो, लाल त्रिकोण भिंतीकडे करून. मजूर तोंडाला गमछा गुंडाळतो आणि कपाशीत शिरतो.